दोन फ्लॅशांच्या मधला वेळ

छोटा फ्लॅश घेऊ की स्टुडिओ लाइट, असं कुणी विचारलं की मी उलट विचारतो, तुमच्यासमोर बसणारी माणसं कशी असतात? विचारणारा जरा चक्रावतो. त्याला वॅट-सेकंदांचा आकडा हवा असतो, कोणती कंपनी ते हवं असतं, आणि मी माणसांचं काढून बसतो. पण पोर्ट्रेट काढणाऱ्याकडच्या सामानाचा सगळ्यात मोठा परिणाम होतो तो समोरच्याच्या बसण्यावर, आणि सामान घेताना नेमकं तिकडे कुणाचं लक्ष नसतं.

तरी ताकदीचं आधी बोलून घेऊ, कारण सगळ्यांचं गाडं तिथेच अडतं. कॅमेऱ्याच्या डोक्यावर बसणारा, चार पेन्सिल सेलवर चालणारा फ्लॅश, म्हणजे स्पीडलाइट, पूर्ण ताकदीला साधारण ६० ते ८० वॅट-सेकंद ऊर्जा सोडतो. स्टुडिओतले स्ट्रोब २०० च्या आसपास सुरू होतात, ४०० आणि ६०० चे सर्रास दिसतात, १००० च्या पुढचेही आहेत. ३०० चा एक लाइट म्हणजे चार स्पीडलाइट. ऐकताना फरक केवढा तरी वाटतो, पण अ‍ॅपर्चरच्या (लेन्सच्या भोकाच्या) हिशेबात तो भरतो दोन स्टॉप, म्हणजे दोन पायऱ्या, दर पायरीला उजेड दुप्पट. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशाला असलेली संवेदनशीलता, १०० ची ४०० केली की मिटला. आजच्या कॅमेऱ्यात ४०० आयएसओचा नॉइज (फोटोतले बारीक ठिपके) शोधायचा तर फोटो मोठा करकरून बघावा लागतो. मोठाल्या निगेटिव्हवर, मंद फिल्मवर काम करणाऱ्यांची गोष्ट वेगळी होती. एवढ्या मोठ्या निगेटिव्हवर नाकाच्या शेंड्यापासून कानापर्यंत सगळं स्पष्ट हवं तर एफ/१६ किंवा एफ/२२ गाठावं लागे (एफचा आकडा जेवढा मोठा, भोक तेवढं लहान), आणि त्यासाठी हजारो वॅट-सेकंद ओतावे लागत. त्यांच्या गरजेतून आलेले आकडे आपण अजून मापदंड म्हणून वापरतो आहोत.

शिवाय वॅट-सेकंद हे माप आहे खर्च झालेल्या ऊर्जेचं. त्यातला प्रकाश किती झाला, आणि चेहऱ्यापर्यंत किती पोचला, ते ट्यूब, रिफ्लेक्टर आणि पुढचं कापड ठरवतं. स्पीडलाइटच्या खोक्यावरचा गाइड नंबर तर त्याहून बेरकी. ६० छापलेलं असतं. अर्थ असा, की आयएसओ १०० ला साडेसात मीटरवर एफ/८ मिळेल. पण हा आकडा बहुतेक वेळा फ्लॅशचं डोकं २०० मिमीला झूम करून, सगळे किरण एका अरुंद झोतात एकवटून काढलेला असतो. असा झोत चेहऱ्यावर कोण मारतं? तोच फ्लॅश प्रकाश पसरवणाऱ्या छत्रीत उडवला की त्या ६० ला काही अर्थ उरत नाही.

ताकदीवाचून खरंच अडतं ते भर उन्हात. आयएसओ १०० आणि शटर १/२०० सेकंद असेल तर लख्ख उन्हासाठी एफ/११ च्या आसपासचं अ‍ॅपर्चर लागतं. आता चेहऱ्यावर उन्हाच्या तोडीचा मऊ प्रकाश हवा, म्हणजे सॉफ्टबॉक्समधून (लाइटपुढे लावायच्या कापडी डब्यातून) एफ/११ इतका उजेड बाहेर काढायचा. स्पीडलाइट अगदी चेहऱ्याला चिकटवला तर जेमतेम जमतं, पण लाइट एका मीटरवरून दोन मीटरवर गेला की उजेड पाव उरतो. अ‍ॅपर्चर उघडं ठेवून शटरचा वेगच वाढवू म्हटलं तर हाय-स्पीड सिंक लागतं. त्यात शटरची फट सेन्सरवरून सरकत असते तेवढा वेळ फ्लॅश एका मोठ्या स्फोटाऐवजी बारीक बारीक ठिणग्यांची माळ उडवतो आणि त्या धडपडीत त्याची दोन किंवा जास्त स्टॉपची ताकद वाया जाते. ज्याला दुपारी बाराला मैदानात पोर्ट्रेट काढायची आहेत त्याने हा लेख इथेच सोडून बॅटरीवरचा ४००-६०० चा स्ट्रोब घ्यावा. मी वाद घालणार नाही.

उलटी अडचण मात्र कुणी सांगत नाही. घरातल्या खोलीत, एफ/१.८ ला, पाठीमागचं सगळं विरघळवून चेहरा टिपायचा असेल तर मोठा लाइट जास्तच होतो. ४०० चा स्ट्रोब ताकदीच्या १/३२ वर आणला तरी साडेबारा वॅट-सेकंद सोडतोच, काही तर १/१६ च्या खाली उतरतच नाहीत. मग लाइट लांब न्या, त्याच्यावर कापड टाका, लेन्सवर उजेड कमी करणारा एनडी फिल्टर चढवा. स्पीडलाइट १/१२८ वर अर्धा-पाऊण वॅट-सेकंद सोडून गप्प बसतो. कमी देता येणं ही सुद्धा ताकदच आहे, पण जाहिरातीत तिला जागा नसते.

आता माझ्या लेखी महत्त्वाचं ते. फ्लॅश उडाल्यावर पुन्हा भरायला किती वेळ घेतो?

पेन्सिल सेलवरचा स्पीडलाइट पूर्ण ताकदीला चांगल्या सेलवर दोन ते तीन सेकंद घेतो. सेल उतरत गेले की चार, मग पाच. स्टुडिओतला मेन्सवरचा लाइट एखाद-दीड सेकंदात तयार होतो, कमी ताकदीला त्याच्याही आधी. कागदावर हा फरक कुणी मनावर घेत नाही. पण पोर्ट्रेटमध्ये चांगला भाव बहुतेक वेळा पहिल्या फ्रेममध्ये नसतो. तुम्ही काहीतरी बोलता, समोरचा हसतो, तुम्ही बटण दाबता, फ्लॅश उडतो. फ्लॅश उडाला म्हणजे फोटो झाला, अशी त्या माणसाची समजूत असते. तो सैल होतो. खांदे अर्धा बोट खाली येतात, ओठ मिटतात, पण हसू डोळ्यांतून अजून गेलेलं नसतं. ही फ्रेम मला हवी असते, आणि ती पहिल्या फ्रेमनंतर एक-दीड सेकंदात येऊन जाते. तेव्हा फ्लॅश अजून भरत असेल तर कॅमेऱ्यात काळोख येतो. भाव परत मागता येत नाही. "मगासारखं हसा ना" म्हटल्यावर जे मिळतं ते दातांचं प्रदर्शन.

त्यातून सलग पूर्ण ताकदीने उडवत राहिलं की स्पीडलाइट तापतो आणि स्वतःला वाचवायला भरण्याचा वेग कमी करतो, कधी थांबतोच. सेलही नीट निवडावे लागतात. अल्कलाइन सेल दीड व्होल्टचा आणि रिचार्जेबल निकेल मेटल हायड्राइड सव्वा व्होल्टच्याही किंचित खाली, म्हणून अल्कलाइन बरा असं वाटतं. फ्लॅशला एकदम मोठा करंट ओढायचा असतो, तो रिचार्जेबल सेल सहज देतो, अल्कलाइन धापा टाकतो. लिथियम पॅकवर चालणारे नवे स्पीडलाइट यात बरेच सुधारलेत, पूर्ण ताकदीला दीड सेकंदाच्या आसपास येतात.

स्पीडलाइटवर काम करायचं तर यातून एकच शहाणपणा निघतो, त्याला पूर्ण ताकदीने कधी पळवायचं नाही. १/४ वर ठेवा, आयएसओ वाढवा, लाइट चेहऱ्याच्या जवळ आणा. किंवा एका छत्रीत दोन फ्लॅश बांधून दोघांना अर्ध्या कामावर लावा. मग तो जवळपास तुमच्या बोटाबरोबर चालतो. डेव्हिड हॉबी या वृत्तपत्रातल्या छायाचित्रकाराने २००६ पासून छोटे फ्लॅश कॅमेऱ्यावरून उतरवून कसे वापरायचे ते जगभरच्या हौशी लोकांना शिकवलं. त्या लाटेत अनेकांनी चार-चार, आठ-आठ फ्लॅश एका चौकटीत जोडायला सुरुवात केली. आठ फ्लॅश, बत्तीस सेल. माझं मत विचाराल तर त्या टप्प्यावर माणसाने स्ट्रोब घ्यावा आणि सेल मोजण्यातून सुटावं.

प्रकाशापायी बसणाऱ्याला काय काय सोसावं लागलं, याचा इतिहास मोठा गमतीचा आहे. फ्रेंच छायाचित्रकार नादारने १८६१ मध्ये पॅरिसच्या भुयारी दफनगृहांत बॅटऱ्यांवरच्या विजेच्या दिव्यांनी फोटो काढले. बॅटरीवर चालणारा लाइट घेऊन बाहेर पडणाऱ्यांचा तो आद्यपुरुष म्हणायला हरकत नाही. एक्स्पोजर इतकं लांब होतं, की कामगारांच्या जागी त्याला कपडे घातलेले पुतळे उभे करावे लागले, जिवंत माणूस एवढा वेळ स्थिर राहणार कसा? पुढे १८८७ मध्ये जर्मनीत मीथे आणि गेडिके यांनी मॅग्नेशियमची फ्लॅश पावडर आणली. वेळ वाचला, पण भडका उडाला की खोलीत धूर भरायचा आणि दुसरा फोटो धूर निवळल्यावर. १९२९-३० च्या सुमारास फ्लॅशबल्ब आले, धूर गेला, पण एका फोटोला एक बल्ब, आणि फोटो झाल्यावर तो गरम बल्ब काढून दुसरा बसवायचा. एमआयटीतल्या हॅरॉल्ड एजर्टनने १९३१ च्या सुमारास फिरत्या यंत्रांचा अभ्यास करायला स्ट्रोब विकसित केला, आणि तीच ट्यूब पुन्हा पुन्हा, क्षणाच्याही अंशात उडवता यायला लागली. आज आपण ज्या दोन सेकंदांबद्दल कुरकुरतो त्यांच्यामागे हे सगळं आहे. कुरकूर तरीही खरी आहे.

दुसरी गोष्ट दिसण्याची. स्टुडिओ लाइटच्या पोटात एक साधा दिवा असतो, मॉडेलिंग लाइट. पूर्वी १५०-२५० वॅटचा हॅलोजन असायचा, आता एलईडी. फ्लॅश उडायच्या आधीच नाकाची सावली कुठे पडते, डोळ्यात चमक आली की नाही, हे तो दाखवतो. स्पीडलाइटवर एक तर तो नसतो, किंवा नावापुरता असतो. सावली कुठे पडेल ते मनात बघायचं, उडवायचं, मागच्या स्क्रीनवर ताडून पाहायचं. शिकणाऱ्याला हे फार चांगलं, डोळा तयार होतो. पण स्क्रीनकडे बघताना तुमची नजर माणसावरून हटते, आणि समोरचा लगेच तुमच्या चेहऱ्यावर वाचायला लागतो, काय बिघडलं म्हणून.

मॉडेलिंग लाइटचा आणखी एक फायदा चटकन लक्षात येत नाही. अंधाऱ्या खोलीत बाहुल्या मोठ्या होतात. फ्लॅशचा प्रकाश इतका झटपट येऊन जातो, की बाहुलीला आकसायला वेळच मिळत नाही. फोटोत डोळा म्हणजे मोठं काळं भोक आणि भोवती रंगाची बारीक कड. मॉडेलिंग लाइट चालू असला की बाहुली आधीच लहान झालेली असते. तपकिरी डोळे तपकिरी दिसतात, त्यातल्या मधाच्या रंगाच्या रेषासुद्धा दिसतात. स्पीडलाइटवर असाल तर खोलीतले दिवे चालू ठेवा, १/२०० ला आणि एफ/५.६ ला ते फोटोत फारसे येत नाहीत आणि डोळ्यांचं काम होतं.

चष्म्याचं प्रकरण घ्या. एक निवृत्त गृहस्थ बसले होते, जाड भिंगं, जाड काळी फ्रेम. मोठा सॉफ्टबॉक्स डावीकडे लावला होता आणि त्यांच्या डाव्या भिंगात पांढरा चौकोन ठाण मांडून बसला होता. "चष्मा काढू का?" त्यांनी विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता काढलाही. नाकावर पॅडचे दोन खळगे, डोळ्यांखालची त्वचा भोवतालापेक्षा फिकी, आणि नजर कुठे ठेवावी हेच कळेना झालेलं. त्या चेहऱ्याला चष्मा हवाच होता. तो परत लावायला लावला आणि मॉडेलिंग लाइटकडे बघत स्टॅण्ड इंचाइंचाने वर चढवत नेला. पांढरा चौकोन भिंगावरून वर सरकायला लागला, फ्रेमच्या वरच्या कडेशी आला, एक पट्टी उरली. मग त्यांना काड्या कानामागे किंचित वर उचलायला सांगितल्या, भिंगं तेवढी खाली झुकली आणि पट्टीही गेली. लाइट इतका वर गेल्यावर भुवयांखाली सावली पडणारच, ती मांडीवर धरलेल्या पांढऱ्या पुठ्ठ्याने उजळली. हे सगळं एकही फोटो न काढता झालं. स्पीडलाइट असता तर प्रत्येक इंचाला एक फ्लॅश त्यांच्या डोळ्यांवर मारावा लागला असता.

पण चष्म्याच्या बाबतीत छोट्या प्रकाशाचंही एक पारडं आहे. प्रकाशाचा स्रोत जेवढा मोठा, तेवढा तो भिंगात जास्त कोनांतून दिसतो. छोटी छत्री भिंगातून पटकन बाहेर काढता येते, पाच फुटी अष्टकोनी सॉफ्टबॉक्स काढता काढता नाकी नऊ येतात. मऊपणा आणि चकाकी यांचं हे भांडण लाइट कोणताही घेतला तरी मिटत नाही.

डोळ्यांवरून आठवलं. काही लोक प्रत्येक फोटोत अर्धे डोळे मिटलेले सापडतात आणि आपला चेहराच तसा अशी त्यांची खात्री झालेली असते. बऱ्याचदा दोष टीटीएलचा, म्हणजे फ्लॅशची ताकद कॅमेऱ्याने आपोआप ठरवण्याचा, असतो. मुख्य फ्लॅशच्या आधी कॅमेरा मोजमापासाठी एक हलका फ्लॅश उडवतो, तरतरीत पापण्यांची माणसं त्यालाच मिटतात, आणि खरा फ्लॅश येईपर्यंत पापणी अर्ध्यावर. फ्लॅश मॅन्युअलवर टाका, पहिला फ्लॅश गेला, मिटणं गेलं. बसलेल्या माणसाच्या पोर्ट्रेटला टीटीएलची तशीही गरज नाही. लाइट आणि चेहरा यांच्यातलं अंतर बदलत नसेल तर मोजायचं काय पुन्हा पुन्हा?

सॉफ्टबॉक्सचं थोडक्यात. स्पीडलाइटचं तोंड चपटं आणि पुढे झोत टाकणारं, त्यामुळे मोठ्या सॉफ्टबॉक्समध्ये मधोमध उजेडाचा गोळा आणि कडा अंधारलेल्या राहतात. स्ट्रोबची उघडी गोल ट्यूब चारी बाजूंना प्रकाश फेकते आणि कापड कडेपर्यंत भरतं. स्पीडलाइटसाठी छत्री किंवा आत दुसरं कापड असलेला सॉफ्टबॉक्स बरा. मोठ्या लाइटचा आणखी एक फायदा बोवेन्स माउंटचा, म्हणजे लाइटवर सॉफ्टबॉक्स अडकवायच्या खोबणीचा. ब्रिटनमधली ती कंपनी २०१७ मध्ये बंद पडली, पण तिचं एस माउंट निम्म्या जगाने उचललेलं असल्यामुळे एकाचा सॉफ्टबॉक्स दुसऱ्याच्या लाइटवर बसतो. फ्लॅश किती वेळ पेटलेला राहतो त्याची मापं, टी.५ आणि टी.१, यावर लोक तासन्‌तास बोलतात. उड्या मारणारे नर्तक टिपणार असाल तर ऐका. खुर्चीत बसलेल्या माणसासाठी सोडून द्या.

मोठ्या सामानाने माणूस बुजतो, म्हणून छोटे फ्लॅश बरे, असं पुष्कळदा सांगितलं जातं. मला हे अर्धंच पटतं. बुजणारी माणसं आहेत. स्टॅण्ड, केबल, पुढे आलेला मोठा पांढरा डबा बघून जी ताठ होतात, त्यांच्यासाठी कोपऱ्यात एक छत्री आणि गप्पा. पण काहींचं उलट होतं. एवढं सगळं आपल्यासाठी मांडलंय म्हटल्यावर ती सावरून बसतात, नजर देतात, वेळ देतात. एरवी "काढा पटकन" म्हणणारा माणूस तासभर बसलेला मी पाहिला आहे. एवढंच, की मांडामांड तो येण्याआधी पुरी झालेली हवी. ज्याच्याकडे दहाच मिनिटं आहेत त्याच्यासमोर स्टॅण्डचे स्क्रू आवळत बसलात तर कोणताच लाइट तुम्हाला वाचवणार नाही, आणि इथे बॅगेतून निघून दोन मिनिटांत उभा राहणारा स्पीडलाइट बाजी मारतो.

आणि फ्लॅश लागतोच असंही नाही. अमेरिकन छायाचित्रकार अर्व्हिंग पेनने १९४८ च्या डिसेंबरात पेरूतल्या कुझ्कोत एका स्थानिक छायाचित्रकाराचा खिडकीच्या उजेडाचा स्टुडिओ भाड्याने घेऊन पोर्ट्रेट काढली, पुढे तर तो तंबूचाच स्टुडिओ घेऊन देशोदेशी फिरला. रिचर्ड अ‍ॅव्हेडनने १९७९ ते १९८४ दरम्यान अमेरिकेच्या पश्चिमेकडची माणसं सावलीत, पांढऱ्या कागदासमोर उभी केली, लाइट एकही नाही. दोघांनी बरोबर नेली ती पाठीमागची मोकळी जागा.

माझ्या बॅगेत सध्या बॅटरीवरचा २०० च्या आसपासचा एक स्ट्रोब असतो, बऱ्यापैकी मॉडेलिंग लाइट असलेला, आणि एक मोठी छत्री. तो मुख्य. दोन स्पीडलाइट सोबत असतात, एक केसांमागे किंवा पुस्तकांच्या फळीवर कुठेतरी १/६४ वर, दुसरा भिंतीसाठी. अशा सांदीकोपऱ्यात स्ट्रोब मावतच नाही. वजनाचं म्हणाल तर वाळूची पिशवी लाइटहून जड भरते, पण बाहेर जाताना ती मी सोडत नाही. छत्री लावलेला स्टॅण्ड वाऱ्याला पडायला एक झुळूक पुरते आणि खाली माणूस बसलेला असतो. विमानात न्यायचं असेल तर लिथियम बॅटरीवरचा वॅट-तासाचा आकडा बघून घ्यावा, १०० च्या आत असला की हातातल्या सामानात सहसा अडत नाही, आणि सुट्या बॅटऱ्या तर हातातल्या सामानातच न्याव्या लागतात.

सतत जळणाऱ्या एलईडी दिव्यांबद्दल विचारणारे आता वाढलेत. हिशेब सोपा आहे. ३०० वॅटचा दिवा १/१२५ सेकंदाच्या एक्स्पोजरमध्ये २.४ वॅट-सेकंद खर्च करतो, स्पीडलाइट पूर्ण ताकदीला त्याच्या तीसपट. एलईडी विजेचा प्रकाश जास्त काटकसरीने करतो हे धरलं तरी दरी मोठीच राहते. म्हणून एलईडीवर अ‍ॅपर्चर उघडं, आयएसओ चढा, आणि बाहेरच्या उन्हाचं नाव काढायचं नाही. पण भरण्याची वाटच बघायची नसते, सावली जशी दिसते तशीच येते, पंधरा फ्रेम सलग काढा. बाळांसाठी मी तोच लावतो. मोठ्यांना त्याचा एक जाच होतो, इतका उजेड सतत डोळ्यांवर असला की ती किलकिली नजर करतात आणि कपाळावर दोन उभ्या आठ्या येतात. दिवा मंद करून आयएसओ १६०० ला नेला की आठ्या जातात. नॉइज थोडा येतो, तो मला चालतो.